कथा नाशिकची, करार मुंबईचा

वसंत कानेटकरांचं ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ साली रंगभूमीवर आलं. तीन वर्षांनी त्यावर ‘आँसू बन गए फूल’ हा हिंदी चित्रपट निघाला, आणि १९८४ मध्ये यश चोप्रांनी ‘मशाल’ काढला तोही याच नाटकावरून. कानेटकर नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात प्राध्यापक. त्यांच्या एका गोष्टीवर मुंबईत दोनदा चित्रपट झाला. लेखकाच्या वतीने बोलणी करणारी एजन्सी ही गोष्टच तेव्हाच्या हिंदी-मराठी चित्रव्यवसायात रूढ नव्हती. व्यवहार ओळखीने, शब्दावर आणि लेखकाच्या नावाच्या वजनावर व्हायचे.

आज नाशिकमध्ये बसून पटकथा लिहिणाऱ्याच्या हाताशी बरंच काही आहे. लिहिण्याचं सॉफ्टवेअर फोनमध्ये येतं, संहितेची नोंदणी घरबसल्या होते, मुंबईच्या निर्मात्याला व्हिडिओ कॉलवर नॅरेशन देता येतं. तरी एक प्रश्न उरतोच: मोबदला, श्रेय, मुदत आणि हक्क यांबद्दल लेखकाच्या बाजूने बोलायचं कुणी? एजंटने, संघटनेने की लेखकाने स्वतः? कारागिरी शिकण्याच्या वाटा आणि ती विकण्याच्या वाटा, या दोन्हींवर गेली दोन दशकं चर्चा चालू आहे. ती आज कुठवर आली आहे, याचा हा आढावा.

साहित्यिकाकडून पटकथाकाराकडे

नाशिक जिल्ह्याचं सिनेमाशी नातं सिनेमाइतकंच जुनं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला हलवलं. फाळक्यांच्या बाबतीत लेखकाच्या हक्काचा प्रश्न उद्भवण्याचं कारणच नव्हतं. कथा, दिग्दर्शन, निर्मिती, सगळं त्यांचंच.

बोलपट आले तसा लेखक वेगळा झाला, पण तो बहुधा साहित्यातून आलेला असे. विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, उमेदीच्या काळात नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये होते. तिथे त्यांनी ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली आणि चित्रपटात लक्ष्मणाची भूमिकाही केली. चित्रपट चालला नाही. ‘प्रभात’साठी शिवराम वाशीकरांनी ‘संत तुकाराम’ लिहिला, नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून ‘कुंकू’ झाला. पुढे ग. दि. माडगूळकर, आचार्य अत्रे, वि. स. खांडेकर यांनी पडद्यासाठी विपुल लिहिलं. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा माडगूळकरांची. विजय तेंडुलकरांनी तर ‘सामना’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ अशा चित्रपटांतून पटकथेला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. ‘मंथन’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

या परंपरेचे परिणाम दुहेरी झाले. मराठी पटकथेला भाषेची श्रीमंती आणि नाटकाची घट्ट वीण मिळाली. दुसरीकडे, सिनेमासाठी लिहिणं हे साहित्यिकाचं जोडकाम ठरलं. ज्याचं घर प्राध्यापकीवर किंवा वृत्तपत्राच्या नोकरीवर चालत होतं, त्याला करारावर भांडण्याची निकड नव्हती. हिंदीत सलीम-जावेद यांनी ‘जंजीर’च्या पोस्टरवर स्वतःची नावं रंगवून घेतली ती १९७३ मध्ये. लेखक हा व्यवसाय आहे आणि त्याच्या नावाला बाजारात किंमत आहे, असं तिथे उघड बोललं जाऊ लागलं. मराठीत ते दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिका आल्यावर घडलं, कारण तेव्हाच केवळ लेखनावर पोट भरणाऱ्यांचा वर्ग तयार झाला.

कारागिरी कुठे शिकायची?

नाशिकच्या लेखकाची पहिली शाळा अजूनही नाटक हीच आहे. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र, ‘लोकसत्ता लोकांकिका’सारख्या स्पर्धेची नाशिक फेरी, महाविद्यालयांतल्या एकांकिका, कालिदास कलामंदिरातले प्रयोग, या वातावरणात शहरात लेखक घडतात. दत्ता पाटील यांचं ‘हंडाभर चांदण्या’ आणि प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ ही अलीकडची ठळक उदाहरणं. ‘देवबाभळी’ आधी एकांकिका होती, मग ‘भद्रकाली’ या नाट्यसंस्थेने ती व्यावसायिक रंगमंचावर आणली. मसुदा प्रेक्षकांपुढे तपासून पाहायचा, कापायचा, पुन्हा लिहायचा, ही सवय इथे आपोआप लागते.

मात्र रंगमंचावरून पडद्यावर येताना काही गोष्टी विसराव्याही लागतात. कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’ आणि त्यावरचा महेश मांजरेकरांचा २०१६ चा चित्रपट शेजारी ठेवून पाहिले की हे स्पष्ट होतं. नाटकाचं बळ गणपतराव बेलवलकरांच्या स्वगतांत आहे. रंगमंचावर नट एकटा बोलतो ते प्रेक्षक सहज मान्य करतात. कॅमेरा जवळ आला की तेच बोलणं कृत्रिम वाटण्याचा धोका असतो. चित्रपटात मूळ नाटकात नसलेला रामभाऊ हा मित्र आणला गेला. गणपतरावांना बरोबरीचा नट श्रोता म्हणून मिळाला आणि स्वगताचा बराचसा भार संवादावर गेला. कुणाला हा बदल आवडला, कुणाला खटकला. पटकथाकार नेमकं काय करतो हे मात्र एका पात्रावरून कळतं.

संस्थात्मक शिक्षणाचा पर्याय त्यामानाने नवा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथेचा स्वतंत्र अभ्यासक्रम २००४ च्या सुमारास अंजुम राजबली यांच्या पुढाकाराने सुरू झाला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची (एनएफडीसी) पटकथा लॅब त्यानंतरची. रितेश बत्रांचा ‘द लंचबॉक्स’ याच लॅबमधून गेला. चैतन्य ताम्हाणे यांची वाट आणखी वेगळी. ‘कोर्ट’च्या संहितेला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स फंडाचं साहाय्य मिळालं, आणि २०२० मध्ये ‘द डिसायपल’ला व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. मराठी संहिता जगाच्या व्यासपीठावर जाऊ शकते याचा तो पुरावा होता. मात्र अशा निधीसाठी इंग्रजीत अर्ज, इंग्रजीत सारांश आणि बराच धीर लागतो.

तिसरी शाळा मालिकांची. इथे कथा, पटकथा आणि संवाद ही कामं बहुधा तीन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. वाहिनीच्या टीमने ट्रॅक, म्हणजे कथेचा पुढचा प्रवाह, मंजूर केला की पटकथाकार वनलाइन, म्हणजे भागाचा थोडक्यात आराखडा देतो, त्यावरून सीन पाडतो आणि संवादलेखक रात्रीतून भाग लिहितो, कारण सकाळी सेटवर पानं पोचायची असतात. या धबडग्याबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं, की रोज लिहिण्याच्या सक्तीने हात तयार होतो, सीन कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा हे अंगवळणी पडतं. दुसऱ्या मतानुसार याच सक्तीमुळे लेखकाला ठरलेल्या वळणांची सवय लागते आणि स्वतःची गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा हात अडतो. दोन्ही मतांच्या बाजूने मालिकांतून आलेल्या लेखकांची उदाहरणं दाखवता येतात.

रचनेच्या प्रश्नावरही एकमत नाही. सिड फील्ड आणि रॉबर्ट मॅकी यांच्या पुस्तकांमुळे तीन अंकांची मांडणी, मध्यबिंदू, नायकाचं ध्येय ही परिभाषा मराठी कार्यशाळांतही रुळली. तिचा उपयोग असा, की निर्माता आणि लेखक एकाच भाषेत बोलू शकतात. कीर्तन, लोकनाट्य, वग यांतून आलेली आपली कथनपद्धती या साच्यात बसत नाही, असा आक्षेपही घेतला जातो. आख्यान मध्येच थांबवून वेगळीच गोष्ट सांगायची आणि पुन्हा मूळ कथेवर यायचं, ही कीर्तनकाराची रीत मॅकीच्या पुस्तकात सापडत नाही.

कायदा काय देतो, काय देत नाही

लेखकाच्या हक्कांची चर्चा कायद्यावर येते तेव्हा सुरुवात १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यापासून करावी लागते. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाच्या लेखकाने ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाविरुद्ध दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळताना जे तत्त्व घालून दिलं ते आजही लागू आहे: नुसत्या कल्पनेवर स्वामित्व नसतं, संरक्षण मिळतं ते कल्पनेच्या मांडणीला. म्हणूनच ‘दोन भावांची गोष्ट’ कुणाच्याही मालकीची नसते, मात्र तिची वीस पानी तपशीलवार मांडणी लेखकाची असते.

मग निर्मात्यासमोर तोंडी मांडलेल्या संकल्पनेचं काय? २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने गोपनीयतेचा आधार घेतला. विश्वासाने सांगितलेली, पुरेशी विकसित झालेली मालिकेची संकल्पना परस्पर वापरता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. नॅरेशनला जाण्याआधी संहिता ईमेलने पाठवावी, भेटीनंतर काय बोलणं झालं ते लिहून कळवावं, हा अनुभवी लेखकांचा सल्ला यातूनच आला आहे.

मोठा बदल झाला २०१२ मध्ये. कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर चित्रपटात समाविष्ट साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठीच्या रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क सोडून देता येत नाही. त्याने सही करून दिला तरी तो हक्क जात नाही. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीचा जोरदार पुरस्कार केला होता. गीतकार-संगीतकारांच्या बाबतीत रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था आहे. पटकथाकारांसाठी तशीच यंत्रणा उभी करण्याच्या हेतूने ‘स्क्रीनरायटर्स राइट्स असोसिएशन ऑफ इंडिया’ स्थापन झाली. कायद्याच्या शब्दांत पटकथा आणि संवाद येतात, ही लेखक संघटनांची भूमिका. ठोक मोबदल्यात सगळे हक्क आले, ही निर्मात्यांकडून होणारी मांडणी. मालिका किंवा चित्रपट ओटीटीवर वर्षानुवर्षं पाहिला जातो तेव्हा हा मतभेद थेट खिशाला भिडतो.

कायद्यातल्या काही तरतुदी फारशा चर्चेत नसतात, पण छोट्या लेखकाच्या कामाच्या आहेत. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेलं नसेल तर ते पाच वर्षांपुरते मानले जातात. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. ज्याने हक्क घेतले त्याने ते वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते लेखकाकडे परत येतात. अर्थात ‘वेगळं काही नसल्यास’ या शब्दांतच मेख आहे. प्रत्यक्षातले करार बहुतेक वेळा ‘संपूर्ण जगभर, सर्व ज्ञात आणि भविष्यातील माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशा वाक्याने सुरू होतात. त्यापुढे तीन कलमं ठरलेली असतात: निर्माता कोणत्याही टप्प्यावर लेखक बदलू शकेल, श्रेयाबाबत निर्मात्याचा निर्णय अंतिम राहील, आणि संहितेमुळे काही दावा उद्भवला तर खर्च लेखक भरून देईल. तिसरं कलम सर्वांत जड. मालिकेतल्या एका संवादावरून कुणी न्यायालयात गेलं, तर वाहिनीच्या वकिलाचं बिल कागदोपत्री लेखकाच्या नावावर येऊ शकतं.

मध्यस्थ आला कुठून?

मुंबईत टॅलेंट एजन्सींचा पसारा आधी नट-नट्यांभोवती उभा राहिला. जाहिराती, कार्यक्रम आणि ब्रँडचे करार ही त्यांच्या उत्पन्नाची मुख्य बाजू. मॅट्रिक्स, क्वान (आता कलेक्टिव्ह आर्टिस्ट्स नेटवर्क) ही या क्षेत्रातली परिचित नावं. लेखक-दिग्दर्शकांचं प्रतिनिधित्व हेच मुख्य काम मानणारी ‘तुलसी’सारखी कंपनी, किंवा पुस्तकांचे चित्रहक्क विकणारी ‘स्टोरी इंक’, ही त्यानंतरची पायरी. २०१६ नंतर नेटफ्लिक्स आणि अॅमेझॉनचं काम भारतात वाढलं तशी इंग्रजीतले शंभर-शंभर पानी करार, राइटर्स रूम (एकत्र बसून लिहिणारा लेखकांचा गट), सीझनचं बायबल (पात्रं आणि कथानकाचा सविस्तर आराखडा), विकासाच्या टप्प्याटप्प्याने मिळणारे पैसे या गोष्टी आल्या. हे वाचून समजून घेणारा माणूस लेखकाला हवासा वाटू लागला.

मराठीत मात्र हा मध्यस्थ क्वचितच दिसतो, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. समजा, एका मराठी चित्रपटाच्या पटकथा-संवादाचे तीन लाख ठरले. दहा टक्के म्हणजे तीस हजार. तेही तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता प्रदर्शनाच्या वेळी. तेवढ्यासाठी वर्षभर पाठपुरावा करणं कुठल्याही एजन्सीला परवडत नाही. मालिकांमध्ये दर भागाचा दर वाहिनीच्या अंदाजपत्रकाने बांधलेला असतो आणि पैसे प्रसारणानंतर नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत आहे. तिथे एजंटने ताणून धरण्यासारखं फारसं उरत नाही. त्यामुळे मराठी लेखकाला एजन्सी भेटते ती बहुधा तो हिंदीत गेल्यावर.

मालेगावची गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या या यंत्रमागाच्या गावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी ‘मालेगाव के शोले’सारखी विडंबनं काढली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ती जगापुढे नेली. त्यावरच्या रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ची पटकथा वरुण ग्रोवर यांची. तो २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. मित्रमंडळीतला लेखक फरोग याला तिथे कथानकाच्या केंद्रापाशी जागा आहे. स्वतःची मूळ गोष्ट सांगायची त्याची ओढ, तिला गावात मिळणारा नकार आणि संहिता घेऊन मुंबईची दारं ठोठावणं, हा सगळा प्रवास त्यात येतो. गावात कॅमेरा, नट, प्रेक्षक सगळं असतं. मुंबईत त्याची संहिता पुढे नेणारं कुणी नसतं.

तीन भूमिका

पहिली भूमिका एजन्सीच्या बाजूची. लेखकाने लिहावं, पैशाचं बोलणं दुसऱ्याने करावं, कारण ज्याच्याकडून पुढचं काम हवं त्याच्याशीच भांडणं लेखकाला जमत नाही. एजंटला बाजारभाव माहीत असतो, थकलेले पैसे तो न संकोचता मागू शकतो. मुंबईबाहेरच्या लेखकाला याचा फायदा जास्त. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला अंधेरीच्या कॅफेतल्या अनौपचारिक भेटी साधत नाहीत. त्याच्या वतीने तिथे कुणी असलं तर अंतर थोडं कमी होतं.

दुसरी भूमिका संघटनेची. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन पूर्वी फिल्म रायटर्स असोसिएशन म्हणून ओळखली जायची. संहितेची ऑनलाइन नोंदणी, तक्रार निवारण समिती, नमुना करार ही कामं ती करते. मराठीत मालिका, नाटक आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांतल्या लेखकांची ‘मानाचि’ ही संघटना आहे. या बाजूचं म्हणणं असं, की एजंट एकेका लेखकाचा भाव वाढवतो, तोही आधीच नाव असलेल्याचा. नवख्याला संरक्षण मिळायचं तर किमान मोबदला, श्रेय आणि काम थांबवण्याच्या अटी सर्वांसाठी ठरायला हव्यात. असा किमान मूलभूत करार व्हावा म्हणून संघटना वर्षानुवर्षं प्रयत्न करत आहे, पण निर्मात्यांच्या संस्थांनी तो सर्वत्र मान्य केलेला नाही. प्रत्येक चित्रपटाचं अर्थकारण वेगळं असतं, सक्तीच्या किमान दराने छोटे निर्माते नव्या लेखकाला घ्यायलाच कचरतील, ही निर्मात्यांची बाजू. मराठी चित्रपटांचं अंदाजपत्रक पाहता ती उडवून लावण्यासारखी नाही.

तिसरी भूमिका जुनी आहे आणि नाशिकसारख्या शहरात तिला अजून मान आहे: काम बोलतं. एकांकिका गाजली की निर्माता शोधत येतो, दिग्दर्शक-लेखकाची जोडी जमली की दोघं एकमेकांना सांभाळतात. तिला पूरक म्हणून लेखकानेच दिग्दर्शक किंवा निर्माता व्हावं, असंही सुचवलं जातं. नाट्यवर्तुळात ही पद्धत चालते, कारण माणसं एकमेकांना ओळखतात. अनोळखी कंपनीचा कायदा विभाग समोर असतो तेव्हा ओळख कितपत पुरते, ही या भूमिकेवरची मुख्य शंका.

बाहेरचा अनुभव

एजन्सीच्या प्रश्नावर अमेरिकेचा दाखला दोन्ही बाजू देतात. तिथे एजंटला परवाना लागतो आणि दहा टक्के हा रूढ दर आहे. तरीही एप्रिल २०१९ मध्ये रायटर्स गिल्ड या लेखक संघटनेच्या हजारो सदस्यांनी आपल्या एजंटांना एकाच वेळी निरोप दिला. वाद पॅकेजिंग फीचा होता. लेखक, दिग्दर्शक आणि नट एकत्र बांधून देण्यासाठी एजन्सी स्टुडिओकडून थेट पैसे घेत. त्यामुळे लेखकाचा मोबदला वाढवण्यात तिला रस उरत नाही, असं गिल्डचं म्हणणं होतं. २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत मोठ्या एजन्सींनी नवी अट मान्य केली आणि पॅकेजिंग फी २०२२ च्या मध्यापासून थांबली. एजंट उपयोगी पडतो तो मागे मजबूत संघटना असेल तेव्हाच, असा याचा एक अर्थ लावला जातो. दुसरा अर्थ असा, की एजंटांशिवाय तो उद्योग चालत नाही, म्हणून तर समझोता झाला.

भारतात टॅलेंट एजंटसाठी वेगळा परवाना देणारा कायदा नाही. दर, मुदत, एजन्सी स्वतःच निर्मितीत असेल तर काय करायचं, हे सगळं दोघांमधल्या करारावर सोडलेलं आहे. मुंबईतल्या एजन्सी निर्मितीकडेही वळू लागल्यामुळे हा प्रश्न आता केवळ हॉलिवूडचा राहिलेला नाही.

काय बाकी आहे

पहिला अनिर्णित मुद्दा रॉयल्टीचा. २०१२ च्या दुरुस्तीने दिलेला हक्क पटकथाकाराच्या खात्यात पैशाच्या रूपाने कसा जमा व्हायचा, याची सर्वमान्य व्यवस्था लागलेली नाही. दुसरा श्रेयाचा. राइटर्स रूममध्ये सात-आठ जण काम करतात तेव्हा ‘लेखक’ कोण, ‘अतिरिक्त लेखन’ कुणाचं, हे ठरवणारी लवाद पद्धत अमेरिकेत आहे. आपल्याकडे निर्णय बहुतांशी निर्मात्याच्या हातात राहतो, आणि संघटनेकडे तक्रार जाते ती नावं पडद्यावर झळकल्यावर.

तिसरा मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. २०२३ मध्ये १४८ दिवसांच्या संपानंतर अमेरिकी लेखकांनी मिळवलेल्या करारात यंत्राने तयार केलेला मजकूर लेखकाचं साहित्य मानला जाणार नाही, आणि तो लेखकाला दिला तर तसं सांगावं लागेल, अशी अट आहे. मराठी मालिकांच्या वनलाइनसाठी अशी साधनं वापरली तर संवादलेखकाचा दर कमी करायचा का, यावर इथे कुठलाच लिखित नियम नाही.

चौथा मुद्दा थेट नाशिकसारख्या शहरांचा. शहरात नाट्यगृहं आहेत, स्पर्धा आहेत, इगतपुरीजवळ मुंढेगावच्या चित्रनगरीचा प्रस्ताव आहे. चित्रनगरी झाली तर चित्रीकरण वाढेल, तंत्रज्ञांना काम मिळेल. पण करार तपासून देणारा वकील, संहितेवर सविस्तर अभिप्राय देणारा संपादक आणि निर्मात्यापर्यंत पोचवणारा मध्यस्थ या गोष्टी स्टुडिओच्या मजल्यांसोबत आपोआप येत नाहीत. संघटनांनी जिल्हा पातळीवर करार-सल्ला केंद्रं काढावीत, की एकांकिका स्पर्धांच्या आयोजकांनीच बक्षिसाबरोबर हक्कांबद्दलची कार्यशाळा द्यावी, असे पर्याय सुचवता येतात. मराठीतल्या छोट्या मोबदल्यांसाठी स्वतंत्र किमान करार करायचा की हिंदीसाठी मागितला जातो त्यातच मराठीचा वेगळा टप्पा ठेवायचा, हे आधी ठरावं लागेल. कारण सल्ला केंद्रात बसलेला माणूस लेखकाला कोणता आकडा सांगणार, हे त्यावरच अवलंबून आहे.